भास पडला, आता शत्रूनं काय करायचं? इल्युजन मॅजिकचा तोल सांभाळताना

प्रश्न थोडक्यात असा: नागपुरातल्या एका गटात डी अँड डीची, म्हणजे टेबलाभोवती बसून पात्रं वठवायच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची, पाचवी आवृत्ती सुरू आहे. पार्टी, म्हणजे खेळाडूंच्या पात्रांची टोळी, चौथ्या लेव्हलला आहे आणि विझार्डनं (जादूगारानं) इल्युजनची, म्हणजे भास निर्माण करणाऱ्या जादूची, शाखा घेतलेली आहे. सुरुवातीच्या सेशनमध्ये त्यानं मायनर इल्युजन आणि सायलेंट इमेज या दोन स्पेलवर, म्हणजे मंत्रांवरच लढाया गुंडाळल्या. मग डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, शत्रू हुशार केले, आणि आता एकही भास टिकत नाही. खेळाडू हिरमुसला आहे. पाळी आली की फायर बोल्ट मारतो आणि मोबाइल पाहत बसतो. इल्युजनला आवरायचं कसं, की ही शाखाच टेबलावरून बाद करायची?

बाद करू नका. इल्युजनिस्ट हा या खेळातला फार जुना आणि फार सुंदर प्रकार आहे. खेळ निघाला १९७४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, पीटर अ‍ॅरनसननं लिहिलेला इल्युजनिस्ट 'स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू' या नियतकालिकात छापून आला. तेव्हापासून प्रत्येक आवृत्तीला एकाच प्रश्नाशी झुंजावं लागलं आहे: समोरच्यानं विश्वास ठेवला, म्हणजे नेमकं काय झालं?

तुमच्या टेबलावरच्या दोन्ही टोकांचं कारण मला एकच दिसतं. आधी तुम्ही विश्वास फुकट देत होता, आता अविश्वास फुकट देत आहात. पाचव्या आवृत्तीत दोन्हींची किंमत ठरलेली आहे आणि ती ॲक्शनमध्ये, म्हणजे पाळीत करता येणाऱ्या मुख्य कृतीत, मोजायची असते. भासानं शत्रूची एखाद-दुसरी पाळी खाल्ली, त्याला नको त्या दिशेला पाठवलं, की भासाचं काम झालं. ही मोजपट्टी हातात धरली की बहुतेक वाद टेबलावर येण्याआधीच मिटतात.

नियम एकदा नीट पाहू. मायनर इल्युजन ही कॅन्ट्रिप आहे, म्हणजे हवा तितक्या वेळा टाकता येणारा साधा मंत्र. ३० फुटांत, एक मिनिट, एकतर आवाज किंवा ५ फुटी घनात मावेल अशा वस्तूची प्रतिमा (इल्युजनच्या शाखेच्या विझार्डला दोन्ही एकत्र जमतात). वस्तूची, हे महत्त्वाचं. वाघ, सैनिक, ड्रॅगनचं पिल्लू यांतलं काहीही या कॅन्ट्रिपमध्ये बसत नाही, आणि बऱ्याच टेबलांवर पहिली गडबड इथंच होते. प्रतिमेला आवाज नाही, उजेड नाही, वास नाही. पेटलेली मशाल दाखवली तर ती अंधाऱ्या खोलीत कुठंही उजेड पाडणार नाही. सायलेंट इमेजला पहिल्या लेव्हलचा स्लॉट लागतो, आणि स्लॉट विझार्डकडं दिवसाला मोजकेच असतात. ६० फुटांचा पल्ला, १५ फुटी घन, दहा मिनिटांपर्यंत कॉन्सन्ट्रेशन, म्हणजे मंत्रावर लक्ष टिकवून धरणं (असा एका वेळी एकच मंत्र चालतो). इथं जिवंत प्राणी चालतो, पण तो हलवायचा तर विझार्डला त्या पाळीची ॲक्शन द्यावी लागते. नाही दिली तर तो प्राणी जागीच असतो, आणि पुतळ्यासारखा उभा राहिलेला लांडगा कोणालाही खटकेल. आवाज, वास आणि उष्णता-थंडी हवी असेल तर तिसऱ्या लेव्हलची मेजर इमेज. म्हणजे तुमच्या विझार्डला ती पाचव्या लेव्हलला मिळेल.

या तिन्ही स्पेलमध्ये एक समान कलम आहे. प्रतिमेला हात लागला, काही आरपार गेलं, तर भास उघडा पडतो. हात न लावता ओळखायचा असेल तर ॲक्शन खर्च करून विझार्डच्या डीसीविरुद्ध (फाशावर गाठायच्या आकड्याविरुद्ध) इंटेलिजन्सचा इन्व्हेस्टिगेशन चेक, म्हणजे वीस बाजूंचा फासा टाकून तपास. बस. नुसतं पाहिलं म्हणून सेव्ह, म्हणजे जादूतून वाचायचा फासा, मिळत नाही. २००० साली आलेल्या तिसऱ्या आवृत्तीत भासाशी संबंध आला की विल सेव्ह मिळत असे. ती सवय अंगवळणी पडलेले जुने डीएम आजही नकळत सगळ्यांना फाशे टाकायला लावतात.

त्याचा परिणाम आकड्यांत पाहा. चौथ्या लेव्हलच्या विझार्डचं इंटेलिजन्स १८ धरलं तर डीसी येतो १४. गॉब्लिनचं इंटेलिजन्स १०, म्हणजे त्याला फाशावर सरळ १४ हवेत: ३५ टक्के. एका गॉब्लिननं पाळी घालवून चेक केला तरी बहुतेक वेळा तो फसलेलाच राहतो. आता सहा गॉब्लिनना फुकट चेक द्या. सहांपैकी निदान एकाला तरी कळण्याची शक्यता ९२ टक्क्यांवर जाते. तो एक ओरडला, 'काही नाही बे तिथं!', आणि तुम्ही सगळ्यांसाठी भास संपला असं मानलं, तर तुमच्या खेळाडूनं पहिल्या लेव्हलचा स्लॉट अक्षरशः नाग नदीत सोडला. तो हिरमुसला यात काहीच नवल नाही.

ओरडण्याबद्दल तिसऱ्या आवृत्तीत एक छान तरतूद होती: एकानं भास ओळखून इतरांना सांगितलं तर इतरांना सेव्हवर ४ चा बोनस. पाचव्या आवृत्तीत असा नियम नाही. मी त्याच्या जागी ॲडव्हांटेज देतो, म्हणजे दोनदा फासा टाकून मोठा आकडा घ्यायचा. ज्यानं ओळखलं त्याला प्रतिमा फिकट दिसते, त्यानं सांगितलं की बाकीच्यांना ॲडव्हांटेजनं चेक करता येतो, पण ॲक्शन त्यांना द्यावीच लागते. गॉब्लिनची शक्यता ३५ वरून ५८ टक्क्यांच्या आसपास जाते. भास टप्प्याटप्प्यानं झिजतो, एका फटक्यात विझत नाही, आणि तो झिजेपर्यंत पार्टीला दोन-तीन पाळ्या मिळतात. पहिल्या लेव्हलच्या स्लॉटच्या बदल्यात हा सौदा रास्त आहे.

आता खरा कस लागतो ती गोष्ट. चेक नाही करायचा, तर शत्रू करतो काय? इथं डीएमनं शत्रूच्या डोक्यात शिरायला हवं, आणि मी तीनच गोष्टी पाहतो: या जागी रोज काय असतं हे त्याला माहीत आहे का, त्याला हुकूम काय आहे, आणि तो कशाला भितो. लांडग्याचं इंटेलिजन्स ३. तो भिंतीचा विचार करत बसणार नाही, पण त्याचं नाक तीक्ष्ण आहे. वास सरळ भिंतीतून येतोय म्हटल्यावर तो नाक पुढं करून जाईल आणि भास तुटेल. झोंबीचंही इंटेलिजन्स ३. त्याला शंका येत नाही तशी भीतीही वाटत नाही. 'त्या माणसांना मार' एवढाच हुकूम असेल तर तो खोट्या आगीत बिनदिक्कत शिरेल. जेलीच्या चौकोनी गोळ्यासारख्या जिलॅटिनस क्यूबला डोळेच नाहीत, त्याच्यासमोर चित्र काढून उपयोग शून्य. आणि स्वतःच्या छावणीत बसलेला गॉब्लिन? कालपर्यंत जिथं वाट होती तिथं आज दगडी भिंत आहे म्हटल्यावर तो जवळ जाऊन हात लावेल. तोच गॉब्लिन अनोळखी दरीत पळत असेल तर भिंत पाहून वळेल आणि मागं पाहणारही नाही. भास तोच, शत्रूही तोच, पण जागा बदलली की निकाल बदलतो. हे खेळाडूला एकदा कळलं की तो दरवेळी भिंत उभी करणं सोडतो आणि जागेला साजेसा भास शोधायला लागतो. माझ्या मते इल्युजनिस्ट खेळण्यातली सगळी मजा या शोधात आहे.

यासाठी मी इल्युजनिस्टकडून दोन वाक्यं मागतो, फासा हातात घेण्याआधी. शत्रूला काय दिसतं? आणि ते पाहून त्यानं काय करावं असं तुला वाटतं? दुसरं वाक्य फार मोलाचं आहे. बहुतेक भांडणं अशी होतात की खेळाडूच्या मनात एक हेतू असतो, डीएमच्या मनात दुसराच, आणि पाळी संपल्यावर दोघंही म्हणतात, 'पण मला वाटलं...'

एक उदाहरण सविस्तर सांगतो. आमचं कॅम्पेन एका काल्पनिक गोंड राज्यात चालतं. सागवानाची जंगलं, टेकडीवरचे किल्ले, आणि सण मात्र आपल्या नागपूरचे. पोळ्याची रात्र. गल्लीच्या टोकाला कोठार, दारावर चार पहारेकरी. आमच्या विझार्डनं सायलेंट इमेज टाकली आणि दोन वाक्यं सांगितली. काय दिसतं? गल्लीच्या तोंडाशी पंधरा फूट उंच काळी मारबत (नागपुरी मिरवणुकीतला भला मोठा पुतळा) उभी आहे. त्यांनी काय करावं? मिरवणुकीला वाट द्यायला दार सोडून बाजूला व्हावं.

कल्पना झकास होती. पहारेकरी त्या गावचेच, मारबत त्यांनी लहानपणापासून पाहिलेली. पण म्हणूनच दोन गोष्टी त्यांना खटकणार होत्या. मारबत निघते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, रात्री नाही. आणि मारबत कधी मुकी येते का? ढोल नाही, पोरांचा कालवा नाही, 'घेऊन जा गे मारबत'चा गजर नाही. मी नाईकाच्या तोंडी वाक्य घातलं, 'अबे, मारबत तं उद्या निंघते न? आता राती कायले आली? जाय रे, पाहून ये.' चेक कोणीच केला नाही. चारांतला एक भाला घेऊन चालू लागला, उरलेल्या तिघांचे डोळे गल्लीकडं लागले. रोगला, म्हणजे पार्टीतल्या चोरटीला, कोठाराच्या मागच्या भिंतीवर चढायला तेवढं पुरेसं होतं, आणि तिला त्या पाळीत स्टेल्थवर (लपूनछपून जाण्यावर) ॲडव्हांटेज दिला.

पुढच्या पाळीला विझार्डनं जे केलं ते मला फार आवडलं. मायनर इल्युजनला कॉन्सन्ट्रेशन लागत नाही, त्यामुळं ती सायलेंट इमेजच्या सोबत चालते. विझार्डनं ती टाकून मारबतीच्या मागून ढोलाचा आवाज काढला. आता चित्रही आहे आणि नादही आहे. तिघांपैकी दोघं दार सोडून गल्लीत आले. नाईक हलला नाही, कारण त्याला हुकूमच तसा होता. मग पहिल्या पहारेकऱ्यानं भाला टोचला, तो आरपार गेला, तो किंचाळला. तोवर रोग आत पोचली होती. हिशेब पाहा: एक स्लॉट, दोन ॲक्शन आणि चालू असलेलं कॉन्सन्ट्रेशन एवढ्या भांडवलावर तीन पहारेकऱ्यांच्या दोन पाळ्या वळवल्या. लढाई टळली नाही, पण ती पार्टीच्या सोयीनं सुरू झाली. पूर्ण फसणं आणि अजिबात न फसणं यांच्या मधली ही जागा तुमच्या टेबलावर सध्या गायब आहे. एक जण पाहायला जातो, दुसरा थांबतो, नाईक संशय घेतो, असे तुकडे पाडा.

आता गैरफायद्याच्या जागा. सगळ्यात जास्त दिसणारी युक्ती अशी: मायनर इल्युजननं पुढ्यात एक पेटी किंवा भिंत उभी करायची, मागं दडायचं, आणि आतून बाण सोडत राहायचं, कारण 'मला माहीत आहे की हा भास आहे, म्हणून मला पलीकडचं दिसतं, आणि शत्रूला मी दिसत नाही, म्हणजे ॲडव्हांटेज'. पहिल्या बाणाला हे मान्य करायला माझी हरकत नसते. पण बाण भिंतीतून बाहेर आला म्हणजे वस्तू आरपार गेली, आणि ते ज्यानं पाहिलं त्याच्यापुरता भास तिथंच उघडा पडला. दुसऱ्या बाणाला ॲडव्हांटेज नाही. साथीदारांचा प्रश्न वेगळा. टाकणाऱ्याला भास फिकट दिसतो, इतरांना तो हात लावून किंवा चेक करूनच फिकट होतो, नुसतं आधी सांगून ठेवल्यानं होत नाही, असा आमच्याकडचा निवाडा आहे. तुम्ही उलटा निवाडा दिला तरी खेळ मोडत नाही, फक्त कॅम्पेनच्या सुरुवातीला सांगून टाका.

फँटॅझमल फोर्स हा मात्र खरोखर अवघड स्पेल आहे, आणि चौथ्या लेव्हलच्या विझार्डकडं तो असू शकतो. दुसऱ्या लेव्हलचा स्लॉट, एकच लक्ष्य, भास फक्त त्याच्याच डोक्यात. सेव्ह इंटेलिजन्सची, आणि राक्षसगणांत इंटेलिजन्स बहुधा दुबळं असतं. ओगरचं इंटेलिजन्स ५, म्हणजे उणे ३. डीसी १४ असेल तर दर पाच ओगरांतले चार फसतात. शिवाय स्पेलमध्येच लिहिलं आहे की लक्ष्य विसंगतीचं काहीतरी कारण स्वतःच शोधून घेतं. पुलावरून पडला तरी पूल आहेच, वाऱ्यानं ढकललं, असं तो मानतो.

खेळाडू म्हणतो, 'ओगरभोवती लोखंडी पिंजरा.' ठीक. ओगर पिंजऱ्यात आहे असं मानतो, हलत नाही. पण गजांमधून भाला फेकता येतो की! ओगरकडं फेकीचे भाले असतातच. इथं मी त्याच लेव्हलच्या दुसऱ्या स्पेलकडं पाहतो. समोरच्याला जखडून टाकणारा होल्ड पर्सनही दुसऱ्या लेव्हलचा. तो फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्या जिवांवर) चालतो आणि दर पाळीला नवी सेव्ह देतो. फँटॅझमल फोर्सनं ओगरला जखडून, आंधळा करून, वर दर पाळीला डॅमेजही दिलं तर होल्ड पर्सन कोणी का घ्यावा? म्हणून माझा नियम असा: भास लक्ष्याच्या वागण्यावर एकच मोठा परिणाम करेल, एकतर जागेवर खिळवेल नाहीतर नजर अडवेल. डॅमेज हवं असेल तर भास इजा करू शकेल असा हवा, आणि ते स्पेलमध्ये लिहिलंय तेवढंच, २०१४ च्या पुस्तकात दर पाळीला एक डी६, म्हणजे सहा बाजूंचा एक फासा. साथीदार ओगरला ओरडून सांगू शकतात. त्यानं त्याला चेकवर ॲडव्हांटेज मिळतो, आपोआप सुटका मिळत नाही.

हिप्नॉटिक पॅटर्नची तक्रार तुम्ही केलेली नाही, पण पाचव्या लेव्हलला ती येणार. त्यात विश्वास-अविश्वासाचा संबंधच नाही. ३० फुटी घन, विझडम सेव्ह, नापास झाले ते गुंग. त्यावर उपाय रणांगणाच्या मांडणीत आहे. शत्रू एका ठिकाणी गोळा करू नका, आणि गुंग झालेल्याला शेजारचा ॲक्शन देऊन हलवून जागं करू शकतो हे विसरू नका. इनव्हिजिबिलिटीबद्दल एवढंच की अदृश्य माणूस लपलेला असतोच असं नाही. मे महिन्यातल्या पाचोळ्यावर पाय पडला की आवाज होणारच, त्याला हाइड करावंच लागतं. मिरर इमेज ही निव्वळ फाशांची गोष्ट आहे, तिथं डीएमला काही ठरवावं लागत नाही.

तुम्ही २०१४ चं पुस्तक वापरता की २०२४ चं, यानं थोडा फरक पडतो. नव्या पुस्तकात इल्युजनिस्टला तिसऱ्या लेव्हललाच मायनर इल्युजन बोनस ॲक्शननं, म्हणजे पाळीतल्या जादा छोट्या कृतीनं, टाकता येते. म्हणजे त्याची बोनस ॲक्शन जाते आणि शत्रूची पूर्ण ॲक्शन. हा सौदा विझार्डच्या बाजूनं झुकतो. मी तिथं दोनच गोष्टी कडक पाळतो: नवी मायनर इल्युजन टाकली की जुनी लगेच संपते, आणि एका लढाईत तीच युक्ती त्याच शत्रूंवर दुसऱ्यांदा केली तर ते चेकवर ॲक्शन घालवत नाहीत, सरळ दगड मारून पाहतात. पुढच्या खोलीतल्या शत्रूंना मात्र मागच्या खोलीत काय झालं ते माहीत नसतं. हे सगळ्यात जास्त लक्षात ठेवा, कारण डीएमचं स्वतःचं ज्ञान शत्रूंच्या डोक्यात झिरपलं की तुमच्या टेबलावर आत्ता जे चाललंय तेच होतं.

भास उलट्या बाजूनं, म्हणजे तुमच्या खलनायकाकडून पार्टीवर पडेल तेव्हाही हीच मोजपट्टी लावा. 'कोणाला शंका येते का?' असं विचारू नका, विचारलं की शंका आलीच. पडद्यामागं त्यांचा पॅसिव्ह इन्व्हेस्टिगेशन (फासा न टाकता धरायचा तपासाचा आकडा) पाहा आणि वर्णनात एक खरी खूण ठेवा: शेकोटी पेटली आहे पण भिंतीवर तिचा उजेड नाही, झऱ्याचं पाणी पडतंय पण आवाज नाही. मात्र अशाच बारीक खुणा खऱ्या वस्तूंच्या वर्णनातही अधूनमधून पेरत राहा, नाहीतर तुम्ही दोन वाक्यं जास्त बोललात की सगळे सावध होतील.

पुढच्या रविवारी बसाल तेव्हा खेळ सुरू करण्याआधी त्या खेळाडूशी दहा मिनिटं बोला. फुकटचे चेक बंद, ओरडण्याला ॲडव्हांटेज, दोन वाक्यांची पद्धत, एवढं त्याला सांगा. मग पहिलीच झुंज अशी ठेवा की जागा शत्रूंना अनोळखी आहे, त्यांना घाई आहे, आणि त्यांच्यात एकच हुशार आहे. त्याचा पहिला भास पूर्ण चालू द्या, दुसरा अर्धा. सहाव्या लेव्हलला, २०१४ चं पुस्तक असेल तर, त्याला मॅलिएबल इल्युजन्स मिळेल: टाकलेला भास ॲक्शन देऊन बदलता येईल, पेटीची भिंत, भिंतीचं दार. ते येईपर्यंत 'त्यांनी काय करावं' हे दुसरं वाक्य त्याच्या अंगवळणी पडलेलं असू द्या.